किंग्ज सर्कलची नूरजहाँ

आजी लता मंगेशकरांना ‘लताबाई’ म्हणायची, शांता आपट्यांना ‘शांताबाई’. नूरजहाँ मात्र नुसती ‘ती’. ‘ती इथं राहिली असती तर...’ एवढं बोलून आजी वाक्य तिथंच सोडायची आणि पुढची भाकरी थापायला घ्यायची. लहानपणी कितीतरी दिवस मी धरून चालले होते की ही आपल्याच नात्यातली कुणी असणार, फार लांब दिलेली, माहेरी येणं न जमणारी.

आजी कोल्हापूरची. तिचे वडील तिथल्या एका स्टुडिओत कपडेपटात शिंपीकाम करायचे. १९४४ साली मास्टर विनायकांच्या ‘बडी माँ’साठी नूरजहाँ कोल्हापुरात आली तेव्हा आजी अठराची होती, आणि नूरजहाँही साधारण तेवढीच. पंजाबातल्या कसूर गावची अल्लाह वसाई. कळत्या वयाच्या आधीच ‘बेबी नूरजहाँ’ या नावानं स्टेजवर उभी राहिलेली. १९४२च्या ‘खानदान’नं तिचं नाव लाहोरहून सगळ्या देशात नेलं. आजीचे वडील रात्री जेवताना स्टुडिओतल्या गोष्टी सांगायचे. ‘लाहोरची बाई’ कशी हसते, कशी रागावते, आणि शॉटला वेळ असला की कोपऱ्यात बसून कशी गुणगुणते. ती गुणगुणायला लागली की सुतार हातोडी खाली ठेवतात, असं ते म्हणायचे. आजी हट्ट करायची, मला न्या. पण लग्नाच्या वयाच्या मुलीला स्टुडिओच्या फाटकाच्या आत न्यायची त्या काळी कुणाची छाती नव्हती. फाटकाच्या आत काय चाललंय हे आजीनं फक्त ऐकलं.

मास्टर विनायकांच्याच कंपनीत तेव्हा लता मंगेशकर नावाची एक पोरगेली मुलगी पगारावर काम करत होती. मास्टर विनायकांनी तिची नूरजहाँशी ओळख करून दिली आणि काहीतरी गायला सांगितलं. तिनं जयजयवंती गायला, मग आर. सी. बोराल यांचं ‘वापस’मधलं एक गाणं. ही हकिकत लताबाईंनी पुढं अनेकदा सांगितली आहे. आजीला ती कळली कितीतरी वर्षांनी, कुठल्याशा दिवाळी अंकात. त्यावर ती एवढंच म्हणाली होती, ‘बघ, ती पोरगी आत होती.’ त्या वाक्यात हेवा होता आणि तो तिनं लपवला नव्हता. ‘बडी माँ’चं नाव निघालं की आणखी एक गोष्ट ती कधीच वगळायची नाही. नूरजहाँनं त्यात जी गाणी गायली त्यांचं संगीत आपल्या दत्ता कोरगावकरांचं आहे, हे तिला समोरच्याकडून कबूल करून घ्यायचंच असायचं.

मग नूरजहाँचा ‘अनमोल घडी’ आला, ‘जुगनू’ आला, आणि १९४७ आलं. नवरा शौकत हुसेन रिझवी यांच्याबरोबर ती पाकिस्तानात निघून गेली. आजी तोवर लग्न होऊन मुंबईत, दादरला आली होती. पोर्तुगीज चर्चच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्या. एक मुलगी कोल्हापूरहून मुंबईला आली आणि दुसरी मुंबईहून पाकिस्तानात गेली. दोघींचं सामान जवळपास एकाच वेळी बांधलं गेलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

पुढची पस्तीस वर्षं ती आमच्या घरी आली ती रेडिओतून. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुन्या सिनेमांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, आणि तो सैगलच्या गाण्यानं संपला की बाबा बॅग उचलायचे. त्या अर्ध्या तासात नूरजहाँचं गाणं लागलं तर आजी गॅस बारीक करायची. दूध, चहा, डबे, सगळं खोळंबायचं आणि कुणी बोलायचं नाही. माझं तिच्यावरचं प्रेम असं सुरू झालं, त्या बारीक केलेल्या गॅसपाशी. आधी आजीचं ऐकणं ऐकत गेले, मग गाणं ऐकायला आलं. एका मॅटिनीला आजीबरोबर ‘अनमोल घडी’ पाहिला आणि त्यानंतर माझं मी ठरवून टाकलं की जगात हिच्याइतकं सुंदर कुणी नाही. वर्गातल्या मुली वहीच्या कव्हरात अमिताभचे फोटो ठेवायच्या. माझ्या वहीत आजीच्या ट्रंकेतून मिळालेलं, कडा पिवळ्या पडलेलं नूरजहाँचं कात्रण होतं.

घरात तिच्याविरुद्ध बोलू शकणारा एकच माणूस होता, बाबांचे मामा. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो. आजीचे धाकटे भाऊ, मराठा लाइट इन्फंट्रीतले. १९६५च्या लढाईत ते सरहद्दीवर होते. रात्री ट्रान्झिस्टर फिरवताना लाहोर रेडिओ लागायचा आणि त्यावर नूरजहाँ तिकडच्या जवानांसाठी गायची. पंजाबीतली ती गाणी तिनं त्या दिवसांत रेडिओ स्टेशनवर जाऊन, तातडीनं रेकॉर्ड केली होती. मामाआजोबांच्या तुकडीतल्या एका जवानाला गोळी लागली त्या रात्रीही ती गात होती. हे ऐकताना मला वाटलं, आता ते तिला शिवी देणार. पण आजीनं विचारलं, ‘मग तू बंद केलास ट्रान्झिस्टर?’ तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘नाही अक्का. आवाज ओळखीचा होता.’ त्यांनी तिला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्या रात्रीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. पण आमच्या घरात नूरजहाँवर प्रेम करणं सोपं नव्हतं, हे मला अकरा-बारा वर्षांची असतानाच कळलं, आणि ते कळूनही ते प्रेम तसूभर कमी झालं नाही.

१९८२च्या फेब्रुवारीत बातमी आली, नूरजहाँ मुंबईत येतेय. भारतीय बोलपटाला पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्तानं किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात जुन्या गाण्यांचा मोठा सोहळा होता, ‘मॉर्टल मेन, इमॉर्टल मेलडीज’ नावाचा. ते दिवस मुंबईचे चांगले दिवस नव्हते. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. भोंग्यावर घड्याळ लावणारं आमचं दादर-परळ आता भोंग्यावाचून उठत होतं आणि खालच्या मजल्यावरच्या दोन घरांत चूल जपून पेटत होती. अशा वेळी गाण्याच्या तिकिटांचं नाव काढणं आजीला बरं वाटेना. तिनं तो विषयच बंद केला. पास आणले ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी. ते गोव्याचे. चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले आणि तीसेक वर्षं सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत आलेले. तालमींना वादकांची ये-जा चालू होती, त्यात कुणाकडून तरी त्यांना दोन पास मिळाले. ते आजीच्या हातात ठेवत म्हणाले, ‘आजी, तुमी वचात. तिका पळयात.’ कोकणीत सांगितलेलं ते वाक्य आजीनं पुढं वर्षानुवर्षं त्यांच्याच हेलात म्हणून दाखवलं.

षण्मुखानंद तेव्हा जुनंच होतं, १९६३ साली बांधलेलं, पुढं १९९०च्या आगीत जळालं ते. जवळजवळ तीन हजार माणसं बसतील एवढं सभागृह, वर दोन सज्जे. आमच्या जागा वरच्या सज्ज्यात होत्या. आजीनं नऊवारी नव्हे, ठेवणीतली पाचवारी इरकल नेसली होती आणि अंबाड्यावर अबोलीचा वळेसर घातला होता. आजूबाजूला सगळी तिच्याच वयाची माणसं होती. सिंधी, पंजाबी, गुजराती, पारशी, आपली मराठी. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, तरी सगळे एकमेकांशी बोलत होते. तुम्ही ‘जुगनू’ कुठं पाहिलात, कितव्या आठवड्यात, कुणाबरोबर. आमच्या शेजारच्या एक सिंधी आजी कराचीहून बोटीनं आल्या होत्या. त्या माझ्या आजीला म्हणाल्या, आम्ही तिकडून इकडे आलो आणि ही इकडून तिकडे गेली.

दिलीपकुमार बोलायला उभे राहिले. त्यांचं उर्दू मला सगळं समजत नव्हतं, पण एक वाक्य समजलं, कारण त्यानंतर सबंध सभागृहाच्या तोंडून एकदमच काहीतरी निघून गेलं. आशय असा होता की जितकी वर्षं तुम्ही आमच्यापासून दूर राहिलात, तितकीच वर्षं आम्ही तुमची वाट पाहिली. ‘जुगनू’तला नायक ‘जुगनू’तल्या नायिकेला हे सांगत होता. मी आजीकडे पाहिलं. ती पुढं सरकून सज्ज्याच्या कठड्याला हात लावून बसली होती.

आणि मग ती आली.

माझ्या वहीतल्या कात्रणातली मुलगी ती नव्हती. पंचावन्न-छप्पन वर्षांची, भरल्या अंगाची बाई माईकसमोर येऊन उभी राहिली. क्षणभर माझ्या पोटात खड्डा पडला. मला ती सोळा-अठरा वर्षांची हवी होती, काळी-पांढरी हवी होती. वाद्यवृंदानं ‘अनमोल घडी’तल्या त्या हाक मारणाऱ्या गाण्याचे पहिले सूर धरले, टाळ्या उठल्या, आणि टाळ्या संपायच्या आत तिनं श्वास घेतला.

तो श्वास मला दिसला. एवढ्या लांबून, वरच्या सज्ज्यातून, तिचे खांदे उचललेले दिसले, पदर हलला, हनुवटी किंचित वर गेली. मग आवाज आला.

त्या क्षणाचं मोल समजायला माझी पिढी कुठं वाढली ते ध्यानात घ्यावं लागेल. आम्ही पार्श्वगायनाच्या जगात जन्मलो. पडद्यावर हेमामालिनी ओठ हलवते आणि आवाज लताबाईंचा येतो, यात आम्हाला काहीच वावगं वाटायचं नाही. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा, हा आमच्या दृष्टीनं निसर्गनियम होता. १९३५च्या ‘धूपछाँव’मध्ये ही रीत सुरू झाली आणि दहा-पंधरा वर्षांत सगळीकडे पसरली. १९४९ साली ‘महल’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालेनं केलेलं पात्र. जिचा तो आवाज होता तिचं नाव लेबलवरसुद्धा नव्हतं. आवाजाला शरीर असतं हे लोकांनी विसरावं अशीच ती सगळी व्यवस्था होती, आणि ते विसरण्यात मोठा आनंदही होता, हे नाकारता येणार नाही. लताबाईंचा आवाज कितीजणींच्या चेहऱ्यांत राहून आला आणि त्या सगळ्याजणींना त्यानं उजळून टाकलं.

पण आजीची पिढी वेगळी होती. तिनं ‘कुंकू’त शांता आपट्यांना पाहिलं तेव्हा जी बाई गात होती तीच दिसत होती. त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता आहे, तीही शांताबाईंनी स्वतःच गायली. ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकर स्वतः गातात. त्याच्या थोडं आधीपर्यंत तर गाणं सेटवरच ध्वनिमुद्रित व्हायचं. वादक झाडांच्या आड किंवा कॅमेऱ्याच्या कडेला लपून वाजवायचे आणि नट किंवा नटी अभिनय करता करता गायची. चुकलं की सगळं पुन्हा. ‘अनमोल घडी’ तर असा, की त्यातले नूरजहाँ, सुरैया आणि सुरेंद्र हे तिघंही प्रमुख कलावंत आपापलं गाणं आपणच गातात. नौशादांसमोर तीन गळे होते आणि मेहबूबसमोर तेच तीन चेहरे. पुढच्या काळात असा योग हिंदी सिनेमात फार क्वचित आला. आजी सिनेमाबद्दल बोलताना ‘ती किती छान गाते’ म्हणायची, तेव्हा तिच्या मनात चेहरा, गळा आणि माणूस यांत फट नसायची. माझ्या मनात ती फट कायमची होती. त्या संध्याकाळी किंग्ज सर्कलला ती मिटली.

आवाज रेकॉर्डवरचा नव्हता. रेकॉर्डवर तो कोवळा आणि धारदार आहे. इथं तो जाड, पिकलेला होता, कुठं कुठं खरखरीत. वरच्या स्वराला जाताना ती मान जराशी तिरकी करत होती, एक हात पुढं येत होता, बोटं उघडत होती. रेकॉर्डवर जिथं ती सरळ निघून जाते तिथं ती इथं थांबत होती, शब्द पुन्हा घेत होती, एखाद्या जागेवर रेंगाळून समोरच्यांकडे पाहत होती. मूळ गाणं दोघांचं आहे. एक हाक मारतो, दुसरी ओ देते. मला आठवतं ते तिचं एकटीचं गाणं. उत्तर समोरून येत होतं. माणसं ओरडत नव्हती, पण प्रत्येक ओळीनंतर सभागृह असं काही उसासत होतं की ती पुढची ओळ त्यावर टेकवून म्हणत असावी. तीन मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये न मावणारी पस्तीस वर्षं तिथं होती, आणि ती फक्त तिची नव्हती. लाहोर रेडिओवरच्या रात्री त्यात होत्या, कराचीहून निघालेली बोट होती, कोल्हापूरचं बंद फाटक होतं.

आणि अजून काहीतरी दिसलं, ते मी कधी विसरले नाही. अंतऱ्याच्या शेवटी एक लांब स्वर आहे. तो ती धरायला गेली आणि दम अर्ध्यावर संपला. क्षणभर गेला असेल. तिनं तोंड मिटलं नाही, लपवलं नाही. सगळ्यांसमोर पुन्हा श्वास घेतला आणि उरलेला स्वर पुरा केला. त्या अर्ध्या क्षणात आजीच्या तोंडून ‘हां’ निघालं. दाद म्हणून नव्हे. घाट चढताना पुढं असलेल्या बाईला आपण मागून जसं ‘हां, सावकाश’ म्हणतो, तसं. माझी आजी नूरजहाँबरोबर श्वास घेत होती. ज्या फाटकाच्या आत तिला अठराव्या वर्षी जाता आलं नव्हतं, त्याच्या आत ती त्या वेळी होती, हे मला त्याही वयात स्वच्छ दिसलं.

मी मोठी झाले तशी गाणं ऐकायला कुठं कुठं गेले. पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशींना ऐकलं, त्यांचं सगळं अंग स्वरामागं ओढलं जाताना पाहिलं. किशोरीताई आमोणकर डोळे मिटून एकेका स्वरावर किती वेळ देत ते पाहिलं. प्रत्येक वेळी मी आधी श्वास शोधते. तो दिसला की मग गाण्यात जाते. स्टुडिओत जोडून, पुसून, दुरुस्त करून आलेल्या हल्लीच्या गाण्यात श्वास कापलेले असतात आणि मला तिथं करमत नाही. लोक याला जुन्याचा हट्ट म्हणतात. मला तो हट्ट वाटत नाही. गाताना माणसाला किती मोजावं लागतं हे ज्यात कळत नाही, ते ऐकून माझं मन भरत नाही, इतकं साधं आहे.

परतताना बसमध्ये आजी भरभरून बोलली. दत्ता कोरगावकर, मास्टर विनायक, कपडेपटातले जरीचे तागे, वडिलांच्या बोटातली सुई. दादर आलं तरी संपेना. घरी पोचल्यावर आधी जिना चढून ती वरच्या काकांकडे गेली आणि त्यांच्या दारातच उभी राहून म्हणाली, ‘पळयली हो, पळयली.’ ते दार धरून हसले आणि आत जाऊन व्हायोलिनची पेटी उघडली. त्या रात्री आमच्या चाळीत कुणी लवकर झोपलं नाही.

२३ डिसेंबर २००० रोजी कराचीत नूरजहाँ गेली. रमजानचे दिवस होते. आजी त्याच्या काही वर्षं आधीच गेली होती. बातमी ऐकल्यावर कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवेना, आणि हे सगळं ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं. मी बेळगावला मामाआजोबांना फोन लावला. सत्तरीचे झाले होते, ऐकू कमी येत होतं. मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. ‘कोण गेलं?’ ‘नूरजहाँ, मामाआजोबा.’ पलीकडे त्यांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतल्याचा आवाज आला.

‘अक्काला फार आवडायची,’ ते म्हणाले.

‘तुम्हाला?’

उत्तर देण्याऐवजी त्यांनी थेट ‘अनमोल घडी’तलं ते गाणं सुरू केलं. फाटक्या, फौजी आवाजात, ताल सोडून, पण एकही शब्द न चुकता. मागून मामीआजी विचारत होत्या, कुणाचा फोन आहे, आणि हे काय चालवलंय सकाळी सकाळी. ते थांबले नाहीत. मुखडा झाला. अंतऱ्याच्या तोंडाशी आवाज अडकला, खोकला आला.

‘थांब, ठेवू नकोस,’ मला म्हणाले, ‘दम घेतो जरा,’ आणि खोकला आवरून अंतऱ्याला लागले.